कोकणात आरसी विमान उडवायला शिकताना: जागा, ओहोटी, बांधणी आणि हँगरच्या सवयी

रेडिओ रिमोटवर उडणाऱ्या (आरसी) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ, विमानाचा खोका घरी आला की कोकणातल्या माणसाला पहिली पुळण आठवते. लांबलचक किनारा, झाड नाही, तार नाही, मग अडचण कसली? पण नवशिक्यासाठी पुळण ही सगळ्यात अवघड जागा आहे. वारा आडवा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सुरूबन आणि खाली मोटरमध्ये घुसणारी वाळू. म्हणून या लेखात मळा आधी येतो, मग सडा आणि शेवटी पुळण. शिवाय लढाऊ विमानांच्या देखभालीत रोज पाळल्या जाणाऱ्या काही सवयी दिल्या आहेत. साडेसातशे ग्रॅमच्या फोमच्या विमानालाही त्या लागू पडतात, आणि खाऱ्या हवेत तर फारच.

१. जागा ठरवा

मळा. नोव्हेंबरात भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात. खुंट मऊ असतो, विमान आपटलं तरी नाक चेपण्यावर भागतं. शेजारशेजारची चार-पाच मोठी खाचरं, म्हणजे साधारण १५० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद जागा पहिल्या महिन्याला पुरते. धोका विजेच्या तारांचा. शंभर मीटरवरून तार दिसत नाही, खांब दिसतो. त्यामुळे आधी खांब मोजा, दोन खांबांमध्ये तार आहे असं धरूनच चला आणि त्या रेषेच्या अलीकडेच उडवा. कापणीनंतर गुरं मोकळी सुटलेली असतात. ती मळ्यात असतील तर थांबा.

सडा. जांभ्या दगडाचा सडा चहूबाजूंनी उघडा असतो, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याच्या तोंडावर उडवता येतं. उतरताना मात्र कातळ विमानाचं पोट किसणीसारखं किसतो. पोटाला रुंद पॅकिंग टेपचे दोन थर द्या, किंवा ७० मिलिमीटरची चाकं लावा. सड्याच्या समुद्राकडच्या कड्याजवळ जाऊ नका. तिथे वारा वर चढतो आणि कडा ओलांडल्यावर गोल फिरतो. त्या भोवऱ्यात सापडलेलं विमान नवशिक्याला सावरत नाही.

रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे ही माहितीतली ठिकाणं, आणि कितीतरी गवताखाली झाकलेली. सड्यावर गाडी घालू नका, खिळे ठोकू नका, रंगाने धावपट्टी आखू नका. खुणेसाठी कापडी पट्ट्या अंथरा आणि जाताना उचला.

पुळण. दहा-पंधरा उड्डाणं नीट उतरली की मगच. तिचे नियम पुढच्या मुद्द्यात आहेत. सुकत घातलेल्या मासळीजवळ उडवू नका, तिथे घारी गोळा होतात. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर समुद्र गरुडाचं घरटं दिसलं तर ती जागा सोडा. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या किनाऱ्यांवर वनविभागाने कुंपण घातलेल्या भागापासून लांब राहा.

२. वारा आणि तिथी पाहा

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याचे चार महिने बांधणी आणि सिम्युलेटर (संगणकावरचा उडवण्याचा सराव) यांसाठी ठेवा.

दिवसातली वेळ सकाळची. सूर्योदयापासून साधारण नऊ-साडेनऊपर्यंत जमिनीकडून मतलई वारा हलका वाहतो किंवा हवा अगदी पडलेली असते. अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा उठतो आणि दुपारभर वाढत जातो. माडाच्या झावळ्या नुसत्या टोकांना हलत असतील तर उडवा. सबंध झावळी एका बाजूला वळत असेल तर नवशिक्याने खोका उघडू नये.

पुळणीसाठी ओहोटी हवी, कारण पाणी उतरल्यावर मागे राहिलेली ओली, घट्ट वाळूच धावपट्टीच्या कामाची. वेळ काढायला जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आणि तिच्या आधी-नंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी पावणेआठच्या आसपास. तृतीयेला साडेआठ. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावर प्रतिपदा ते तृतीया हे तीन दिवस सोन्यासारखे. उधाणामुळे पाणी लांब उतरतं, तेही सकाळी, आणि तेव्हाच वाराही पडलेला असतो. अष्टमीच्या भांगाला पाणी फार उतरत नाही, पट्टा अरुंद राहतो. हा हिशेब अंदाजाचा आहे, घरातून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहाच.

पुळणीवरचा सापळा असा की मतलई असो वा खारा, वारा जवळजवळ नेहमी किनाऱ्याला आडवा असतो. सकाळी तो विमानाला पाण्याकडे ढकलतो, दुपारी सुरूच्या झाडांवर. सकाळी पाण्याकडे तोंड करून उभे राहा, ऊन पाठीवर येतं. विमान मात्र किनाऱ्याला समांतर आणि कोरड्या वाळूच्या बाजूला ठेवा. लाटांवर गेलेलं विमान वाऱ्याविरुद्ध परत आणताना नवशिक्या घाबरून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) ओढतो, वेग मरतो, आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे वेगाअभावी पंखांची उचल सुटून, पाण्यात पडतं.

३. नियम आणि परवानगी

ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे: एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, आराखडा, चाचणी किंवा छंदासाठी, आणि विमान कायम डोळ्यांना दिसेल अशा अंतरात. २ किलोपर्यंतचं विमान बिगर-व्यावसायिक वापरासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणीबाबतचा चालू नियम डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर वाचूनच विमान बाहेर काढा.

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा शोधा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. कोकणात चिपी, मोपा, दाभोळी, नवी मुंबई हे विमानतळ आणि रत्नागिरीचा तटरक्षक दलाचा हवाई तळ यांच्या भोवतालची जागा विशेष काळजीने तपासा. पोलीस अधीक्षक एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल क्षेत्र जाहीर करू शकतात, आणि सुरक्षेच्या कारणाने किनारपट्टीवर ड्रोनबंदीचे आदेशही निघतात. त्यामुळे आदल्या दिवशी पुन्हा बघा.

सोबत ठेवायची कागदपत्रं:
- ओळखपत्र
- जमीनमालकाची परवानगी, शक्यतो लेखी
- जागेच्या नकाशाचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट
- विमानावर चिकटवलेलं नाव आणि फोन नंबर

सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटून विमान दाखवा. किनाऱ्यावर उडणारी कुठलीही वस्तू लोकांना ड्रोन वाटते आणि फोन थेट पोलीस ठाण्यात जातो. आधी दाखवलेलं असेल तर एवढ्यावरच निभावतं. संरक्षित किल्ल्यांच्या जवळ उडवू नका.

४. सामान

पहिलं विमान वरच्या पंखाचं (पंख धडाच्या वर बसवलेलं), फोमचं, पंख टोकांना किंचित वर उचललेलं असावं. पंखाची लांबी १२०० मिलिमीटर, रुंदी २०० मिलिमीटर, उड्डाणाला तयार वजन ७५० ग्रॅमच्या आत. म्हणजे २४ चौरस डेसिमीटर पंखावर दर चौरस डेसिमीटरला ३१ ग्रॅमच्या आसपास भार येतो आणि विमान सावकाश उडतं. नवशिक्याला विचार करायला वेळ मिळतो तो याच सावकाशीतून.

- मोटर: २२१२ मापाची, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला फेरे)
- ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट): ३० अँपिअर
- प्रॉप (मोटरवर फिरणारं पातं): १० बाय ४.५ इंच, किमान चार नग
- बॅटरी: ३ सेल लायपो (लिथियम पॉलिमर), २२०० एमएएच, दोन नग
- सर्व्हो (नियंत्रणाच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी): ९ ग्रॅमचे चार, शक्यतो धातूच्या गिअरचे
- ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि रिसिव्हर (विमानातला): २.४ गिगाहर्ट्झ, सहा चॅनल (फ्लायस्काय एफएस-आय६ पुरतो)
- बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) आणि सेलचं व्होल्टेज दाखवणारा छोटा अलार्म
- लायपोसाठी आगरोधक पिशवी

एवढ्या जोडणीत तीन सेलवर सातशे-आठशे ग्रॅम ओढ मिळते. बहुतेक दुकानं लायपो रस्त्याने पाठवतात, कोकणात पोचायला वेळ लागतो. ठरवलेल्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी मागवा.

पिकासिमसारखा फुकट सिम्युलेटर आणि ट्रान्समीटरला लागणारी यूएसबी केबल घ्या. विमान समोरून येत असताना डावं-उजवं उलटं होतं. हे हाताला कळायला दहा तास तरी लागतात, आणि ते तास सिम्युलेटरवर स्वस्तात मिळतात.

५. बांधणी

कोकणातल्या बांधणीत पहिला शत्रू हॉट ग्लू. मार्च-एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत तो पिठासारखा मऊ होतो आणि मोटर माउंट वाकडा बसतो. मोटरची पट्टी आणि पंखाचा सांधा इपॉक्सीने करा. हॉट ग्लू सर्व्होपुरता.

मोटर सरळ बसवू नका. दोन-तीन अंश खाली आणि तेवढीच उजवीकडे झुकवा, नाहीतर थ्रॉटल (मोटरचा जोर) वाढवला की नाक वर आणि डावीकडे जातं. पुशरॉडला (सर्व्होपासून फळीपर्यंतच्या दांडीला) १.५ मिलिमीटर पोलादी तार घ्या. लांब तार मध्ये वाकते, म्हणून अर्ध्यावर स्ट्रॉच्या तुकड्याचा आधार चिकटवा.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० ते ६० मिलिमीटरमध्ये हवा. पहिल्या दिवशी ५० वर ठेवा. बॅटरी जागेवर बसवून दोन्ही पंखांखाली एकेक बोट त्या रेषेवर धरा. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट जड असलेलं विमान हातातून सुटताच वर उठतं आणि पाठीवर पडतं. तोल जमत नसेल तर शिसं चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून बघा.

एलिव्हेटर आणि एलेरॉनची (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्यांची) हालचाल वर-खाली १० ते १२ मिलिमीटर, रडरची (शेपटीच्या उभ्या फळीची) दोन्हीकडे २० मिलिमीटर. एक्स्पो (मधल्या भागात स्टिकचा परिणाम मवाळ करणारी सेटिंग) ३० टक्के. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर काय व्हावं त्या सेटिंगमध्ये) थ्रॉटल शून्य लावा आणि प्रॉप काढून तपासा: ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबलीच पाहिजे. घरात मोटरची कुठलीही चाचणी प्रॉप काढूनच. दहा इंचाचा प्रॉप बोटाचं हाड कापतो.

६. हँगरच्या सवयी

कोकणातल्या कितीतरी गावांत नौदलातून किंवा हवाईदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ काका असतात. गोव्यात दाभोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर १९८३ पासून २०१६ पर्यंत सी हॅरियर लढाऊ विमानं होती. त्यांच्यावर आणि त्यांच्या आधीच्या-नंतरच्या विमानांवर काम केलेले हात आता बागायतीत रमलेत. त्यांना मैदानावर न्या. विमान हातात घेतल्यावर ते आधी काय बघतात ते नीट पाहा. बिजागऱ्या, स्क्रू, तारांची टोकं हीच त्यांची नजर. सेवेतल्या आठवणी विचारताना नुसते किस्से ऐकू नका, अमुक तपासणी कशासाठी होती ते विचारा. उत्तर सहसा एखाद्या अपघातापाशी जाऊन पोचतं. त्यातल्या या पाच गोष्टी मॉडेलसाठी जशाच्या तशा घ्या.

हत्यारांची मोजदाद. लष्करी हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या शेडमध्ये) प्रत्येक हत्याराला आकाराची जागा कापलेली असते. जागा रिकामी दिसली तर विमान उडत नाही. डब्यात फोम घालून प्रत्येक हत्याराचा आकार कापा, झाकणावर आकडा लिहा: स्क्रूड्रायव्हर दोन, ॲलन की तीन, पक्कड, कात्री, टेप, व्होल्टमीटर, एकूण नऊ. बॅटरी जोडण्याआधी नऊ मोजा. पोटात राहिलेला स्क्रूड्रायव्हर गुरुत्वमध्य सरकवतो आणि सर्व्होच्या हातात अडकतो.

धावपट्टी वेचणं. जेट इंजिनात खडा जाऊ नये म्हणून माणसं रांगेने चालत धावपट्टी वेचतात. सड्यावर हेच करा. २० मीटर लांब, ३ मीटर रुंद पट्टा हाताने साफ करा. प्रॉपच्या ओढीने उडालेला जांभ्याचा खडा त्याच्या कडेला चीर पाडतो. नखाला लागणारी चीर असली की तो प्रॉप मोडून टाका, जपून ठेवू नका.

स्क्रूवर रेघ. स्क्रू पक्का आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून शेजारच्या पट्टीवर नेलपॉलिशची एकच बारीक लाल रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ सलग असेल तर स्क्रू हललेला नाही. रेघेचा जोड अर्ध्या मिलिमीटरनेही तुटलेला दिसला तर तो सैल होतोय. मोटरचे चार स्क्रू, सर्व्होच्या हातांचे चार आणि प्रॉपचा नट, एवढ्यांवर रेघ हवीच.

दुसरी नजर. कंट्रोलची जोडणी उघडून पुन्हा बसवली की एकाच्या तपासणीवर लष्करी विमान सोडत नाहीत, दुसरा माणूस स्वतंत्र तपासतो. मॉडेलमध्ये पहिल्याच उड्डाणात विमान पडण्याचं फार नेहमीचं कारण उलटे एलेरॉन. दुसऱ्या माणसाला विमानाच्या मागे उभं करा आणि त्यालाच मोठ्याने बोलायला लावा. स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक मागे: एलिव्हेटर वर. रडर स्टिक उजवीकडे: रडर उजवीकडे. तुम्ही काय केलं ते सांगू नका, त्याला काय दिसलं ते ऐका.

नोंदवही. तारीख, तिथी, वारा, बॅटरी क्रमांक, मिनिटं, चार्जरने परत भरलेले एमएएच, दोष, दुरुस्ती. सात मिनिटांच्या उड्डाणानंतर नेहमी १३०० भरणाऱ्या बॅटरीत अचानक १७०० भरले तर काहीतरी बिघडलंय: मोटरचं बेअरिंग सुकलं असेल, प्रॉप बदलला असेल किंवा एखादा सर्व्हो अडून करंट खात असेल. हे आकाशात दिसत नाही, वहीत दिसतं. दोष लिहिल्यावर दुरुस्तीची सही होईपर्यंत विमान उडवायचं नाही.

७. पहिलं उड्डाण

1. सेल तपासा: प्रत्येकी ४.२ व्होल्ट. अलार्म ३.५ वर लावा.
2. ट्रान्समीटर आधी चालू, विमानाची बॅटरी नंतर. बंद करताना उलट क्रम.
3. ट्रान्समीटरमध्ये रेंज तपासणीची सोय असेल तर ती लावून तीस पावलं लांब जा. सर्व्हो थरथरता कामा नयेत.
4. टायमर पाच मिनिटांचा.
5. सोबत्याने वाऱ्याच्या तोंडावर, पाऊण थ्रॉटलवर, क्षितिजाच्या समांतर विमान सोडावं. वर फेकू नये. हात प्रॉपच्या मागेच राहिला पाहिजे.
6. माडाच्या दुप्पट उंची येईपर्यंत सरळ चढा, मग थ्रॉटल अर्धा करा आणि ट्रिम लावा, म्हणजे स्टिक सोडली तरी विमान सरळ जाईल अशी बारीक जुळणी करा.
7. पहिलं वळण स्वतःपासून दूर. विमान नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा.
8. त्याच उंचीवर थ्रॉटल कमी करून एकदा स्टॉल करून बघा. किती सावकाश झाल्यावर नाक पडतं ते कळलं की उतरणं सोपं होतं.
9. वाऱ्याच्या तोंडावर या, थ्रॉटल थोडा ठेवून उंची कमी करा, जमिनीपासून मीटरभरावर तो बंद करा आणि स्टिक अगदी हलकी मागे घ्या.

घार जवळ आली तर तिच्याशी खेळू नका, सरळ उतरा. विमान कुठे तोंड करून आहे हे कळेनासं झालं तर थ्रॉटल बंद करा आणि दोन्ही स्टिक सोडा. वर उचललेल्या पंखांचं ट्रेनर उंची असेल तर स्वतःच सरळ होतं. भर थ्रॉटलमध्ये स्टिक ढवळत बसल्याने निम्मी विमानं जातात.

८. घरी आल्यावर

समुद्रावर उडणारी लष्करी विमानं गोड्या पाण्याने धुतली जातात, कारण मीठ वाळलं तरी हवेतला ओलावा ओढून ॲल्युमिनियम खात राहतं. मॉडेल धुवायचं नाही, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. पुशरॉड आणि स्क्रूंवर तेलाचं बोट फिरवा. मोटरच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. गंज काढणारे स्प्रे बेअरिंगमध्ये मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. रिसिव्हर आणि ट्रान्समीटर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

पुळणीवरून आल्यावर मोटर उजेडात धरून फिरवा. रत्नागिरीच्या बाजूच्या काळ्या वाळूत लोहयुक्त कण असतात. ते मोटरच्या चुंबकांवर केसांसारखे उभे राहतात आणि फिरताना तारांच्या गुंडाळीवरचं आवरण खरवडतात. फुंकून जात नाहीत. टेपची पट्टी उलटी गुंडाळून आतून टिपा, फिरवताना करकर थांबेपर्यंत. विमान वाळूवर ठेवण्याआधी खाली चादर अंथरली तर हे काम निम्मं होतं.

बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. चार्ज २.२ अँपिअरने, बॅलन्स जोडून, फरशीवर, आणि तुम्ही खोलीत असतानाच.

९. समुद्रात पडलं तर

आधी ओहोटीच्या ओढीचा अंदाज घ्या. विमानामागे खोल पाण्यात जाऊ नका. हाती लागलं तर सगळ्यात आधी बॅटरी सोडवा आणि लोकांपासून, गवतापासून लांब उघड्या वाळूवर ठेवा. खाऱ्या पाण्यात बुडालेली लायपो काही तासांनीही पेटू शकते. ती घरात आणू नका, परत वापरू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे देईपर्यंत वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवा.

मोटर, ईएससी, सर्व्हो आणि रिसिव्हर तिथल्या तिथे गोड्या पाण्यात बुडवून हलवा. पुळणीवर जाताना पाच लिटरचा कॅन याचसाठी न्यायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, सर्व्होचं झाकण उघडा आणि दोन दिवस सुकवा. हिरवट डाग दिसलेला सर्व्हो टाकून द्या, एलिव्हेटरवर तर तो कधीच परत लावू नका. बाकीचे भाग प्रॉप न लावता दहा मिनिटं चालवून पाहा, आणि वहीत त्यांच्या नावापुढे लिहा: समुद्रात बुडालेला, तारीख.